दिलेल्या शब्दाची किंमत: करार कायद्यातल्या ‘प्रतिफला’ची कथा



आधीच सांगून टाकतो, मी वकील नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. नीतिशास्त्राच्या वर्गात दरवर्षी एक प्रश्न यायचा: दिलेला शब्द माणसाला का बांधतो? मी कांटचं नाव घ्यायचो, ह्यूमचं घ्यायचो, फळा भरून टाकायचो. एका वर्षी कायद्याची पदवी घेऊन आलेला एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, कायद्याच्या दृष्टीने नुसता शब्द बांधतच नाही.” मी चमकलो. मग त्याच्याकडूनच करार कायद्याचं पुस्तक घेतलं आणि वाचत गेलो. आजचं व्याख्यान म्हणजे त्या वाचनाचा हिशेब आहे.

हरिश्चंद्राची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडे ती सांगतात तशी, राजाने स्वप्नात राज्य देऊन टाकलं आणि सकाळी विश्वामित्र दारात उभे. हा दावा आजच्या न्यायाधीशासमोर गेला तर? स्वप्नाचं बाजूला ठेवू. न्यायाधीश विचारेल, “विश्वामित्रांनी बदल्यात काय दिलं?” काहीच नाही. दावा फेटाळला, राजाने घरी जावं.

आता दशरथ घ्या. कैकेयीने युद्धात त्याचा जीव वाचवला आणि म्हणून त्याने तिला दोन वर दिले. इथे बदल्यात काहीतरी आहे. पण ते वर देण्याच्या आधी घडून गेलेलं आहे. इंग्लंडचा न्यायाधीश म्हणेल, जे होऊन गेलं ते प्रतिफल नव्हे, दावा फेटाळला. भारतातला न्यायाधीश मात्र इथे जरा थांबेल. तो का थांबेल, हेच आज मला सांगायचं आहे.

प्रतिफल हा कायद्याच्या भाषेतला शब्द. व्यवहारात आपण ‘मोबदला’ म्हणतो. आपला करार कायदा १८७२ चा, १ सप्टेंबर १८७२ पासून लागू झालेला. त्याच्या कलम २ मध्ये व्याख्या आहे. सोप्या शब्दांत सांगायची तर, वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून समोरच्याने, किंवा दुसऱ्या कोणी, काही केलं, करायचं टाळलं, किंवा तसं उलट वचन दिलं, तर ते प्रतिफल. घर विकायचं ठरलं की आपण विसार देतो, साठेखत करतो. तिथे दोन्ही बाजूंना काहीतरी आहे. पण “पोरा, तुला हजार रुपये देईन” एवढंच मी म्हणालो, तर तो करार नाही. हे उदाहरण माझं नाही, कायद्यातच दिलेलं आहे.

आणि गंमत बघा, हा मोबदला पुरेसा असलाच पाहिजे असं नाही. कायद्यातच दुसरं उदाहरण आहे: हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकायचं कबूल केलं आणि संमती मोकळेपणाने दिलेली असली, तर करार पक्का. इंग्लंडमध्ये तर मिरीचा एक दाणासुद्धा चालतो म्हणतात. म्हणजे घोड्याला दहा रुपये चालतात, पण शून्य चालत नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे खटकतं. दहा आणि शून्य यांत असा काय नैतिक फरक आहे? काहीच नाही. मग हा नियम आला कुठून? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

रोमन लोकांकडे एक पद्धत होती, स्टिप्युलेशिओ. एकाने ठरावीक शब्दांत विचारायचं, “देण्याचं वचन देतोस?” दुसऱ्याने त्याच क्रियापदात उत्तर द्यायचं, “देतो.” झालं, बांधला गेला. तिथे मोबदला नव्हे, विधी महत्त्वाचा. विधी नाही आणि कायद्याने मान्य केलेला व्यवहाराचा प्रकारही नाही, तर तो नुसता ‘नागडा करार’, त्यावर दावा लागत नसे. पुढे युरोपात चर्चच्या कायदेपंडितांनी वेगळी भूमिका घेतली. वचन मोडणं हे पाप आहे, मग नागडा करारही बांधतोच, असं ते म्हणाले. युरोपातल्या बऱ्याच देशांचा कायदा याच वाटेने गेला. स्कॉटलंडमध्ये आजही वचन बंधनकारक व्हायला मोबदला लागत नाही.

इंग्लंडची वाट निराळी. तिथे कागदावर लाखेची मोहोर असली की वचन पक्कं, मोबदला असो वा नसो. मोहोर नसेल तर? तिथल्या वकिलांनी मागच्या दाराने वाट काढली. १३४८ सालचा एक खटला आहे. हंबर नदीवरच्या एका नावाड्याने एकाची घोडी पलीकडे न्यायचं पत्करलं, नाव जास्त भरली आणि घोडी बुडाली. मोहोरेचा कागद नव्हता. तेव्हा वचन मोडलं असं न म्हणता ‘घोडी मारून नुकसान केलं’ असा दावा झाला, आणि तो चालला. या वाटेने हळूहळू, सोळाव्या शतकापर्यंत, नुसती तोंडी वचनंही न्यायालयात येऊ लागली. आता प्रत्येक तोंडी शब्दावर दावे होऊ लागले तर कसं व्हायचं? न्यायाधीश विचारू लागले, “हे वचन तू दिलंस कशासाठी? काय विचारात घेऊन?” या ‘विचारात घेण्या’वरूनच त्या तत्त्वाचं इंग्रजी नाव पडलं, कन्सिडरेशन. म्हणजे मुळात प्रश्न ‘का’ असा होता. पुढे त्याचा ‘किती घेतलंस’ असा प्रश्न झाला. हा बदल लक्षात ठेवा.

त्या ‘का’मध्ये प्रेमाला जागा होती का? थोडी होती. १५६५ मध्ये जमिनीच्या एका प्रकरणात इंग्रज न्यायालयाने मान्य केलं की रक्ताच्या नात्यातली माया हे जमिनीचा लाभ देण्यासाठी पुरेसं कारण आहे. पण साध्या तोंडी वचनाला ही सवलत मिळाली नाही. माया जमिनीला चालली, पैशाच्या वचनाला चालली नाही.

अठराव्या शतकात एका माणसाने हे सगळं उलटं करायचा प्रयत्न केला. लॉर्ड मॅन्सफील्ड, इंग्लंडचे सरन्यायाधीश आणि जन्माने स्कॉटिश. १७६५ मध्ये त्यांच्यासमोर व्यापाऱ्यांचा खटला आला. लंडनच्या एका पेढीने रॉटरडॅमच्या पेढीला लेखी शब्द दिला होता की अमुक व्यापाऱ्यासाठी तुम्ही दिलेल्या पैशांची हुंडी आम्ही स्वीकारू. पण पैसे आधीच दिले गेले होते. तो व्यापारी बुडाला आणि लंडनची पेढी शब्दावरून मागे फिरली. मॅन्सफील्ड म्हणाले, प्रतिफल हा केवळ पुरावा आहे, माणूस खरंच बांधून घ्यायला तयार होता याचा पुरावा. व्यापारी व्यवहारात लेखी शब्द असेल तर तोच पुरावा झाला, आणखी काय हवं?

किती सरळ विचार आहे बघा! पण तो तेरा वर्षं टिकला. १७७८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर एका बाईचं प्रकरण आलं. मृताच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या या बाईने त्याचं देणं स्वतः फेडायचं कबूल केलं होतं. तिथे निर्णय झाला: निसर्गनियमाने माणूस आपल्या शब्दाला बांधील असेल, पण या देशाचा कायदा नागड्या कराराची अंमलबजावणी करून देत नाही. लिहिलेला असला तरी नाही. मोहोर हवी, नाहीतर मोबदला हवा. यानंतर सातच वर्षांनी, १७८५ मध्ये, कांटचा नीतिशास्त्रावरचा ग्रंथ आला. त्यात परत करायचं नाही हे ठाऊक असून पैसे उसने घेणाऱ्या माणसाचं प्रसिद्ध उदाहरण आहे. एकीकडे तत्त्वज्ञ सांगतोय की खोटं वचन हा विवेकालाच विरोध आहे. दुसरीकडे न्यायालय सांगतंय, असेल, पण आमच्याकडे त्याचं खातं नाही.

आता माझ्या मनाला लागलेला खटला. १८४०, ईस्टवूड विरुद्ध केनियन. सारा नावाची मुलगी लहानपणीच पोरकी झाली. ईस्टवूड हा तिचा पालक. त्याने तिच्या शिक्षणावर आणि मालमत्तेवर खर्च केला, त्यासाठी १४० पौंड स्वतःच्या नावावर कर्ज काढलं. ती सज्ञान झाली तेव्हा म्हणाली, हे मी फेडीन. एका वर्षाचं व्याजही तिने दिलं. मग तिचं लग्न झालं आणि नवऱ्यानेही फेडायचं कबूल केलं. फेडलं नाही. ईस्टवूड न्यायालयात गेला आणि हरला. लॉर्ड डेनमन यांचं म्हणणं असं: खर्च आधी झाला, वचन नंतर आलं. त्यामागे होती ती फक्त नैतिक जबाबदारी. आणि नैतिक जबाबदारी पुरेशी धरली, तर प्रत्येक वचन दिल्याबरोबर ते पाळायची नैतिक जबाबदारी तयार होतेच. मग प्रतिफलाचा नियम उरतोच कुठे?

तर्क म्हणून हे निर्दोष आहे, मला मान्य करावं लागतं. डेनमन यांची आणखी एक चिंता होती, तीही खोटी नव्हती. कर्जात बुडालेला माणूस नातेवाइकांना वाटेल तशी वचनं देऊन खऱ्या सावकारांचा घास काढू शकतो. शिवाय माणूस भावनेच्या भरात काय वाट्टेल ते बोलून जातो. लग्नमंडपात, सत्कारसमारंभात, कोणाच्या आजारपणात. कायद्याने त्या प्रत्येक वाक्याला धरून फरफटत न्यायालयात न्यावं का? नको. हे सगळं खरं आहे. तरीही वाचताना ईस्टवूडचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आता भारतात येऊ. आपल्या कायद्याचा मसुदा लंडनमध्ये बसलेल्या कायदा आयोगाने केला आणि इथे विधी सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या काळात तो मंजूर झाला. माणसं इंग्रज, कायदाही बहुतेक इंग्रजी. पण तीन-चार ठिकाणी त्यांनी इंग्लंडची वाट सोडली.

पहिलं म्हणजे, आपल्याकडे लाखेच्या मोहोरेची सवलत नाही. त्याऐवजी कलम २५ आलं. ते सांगतं, प्रतिफलाशिवाय करार रद्दबातल, पण तीन अपवाद. एक: जवळच्या नात्यात, नैसर्गिक प्रेम आणि जिव्हाळ्यापोटी दिलेलं वचन, लेखी आणि नोंदणी केलेलं असेल तर. दोन: कोणी आपण होऊन तुमच्यासाठी आधीच काही केलं असेल आणि तुम्ही त्याची भरपाई करायचं वचन दिलंत तर. तीन: मुदतबाह्य झालेलं कर्ज फेडीन असं सही करून लिहून दिलंत तर.

दुसऱ्या अपवादाची उदाहरणं कायद्यातच आहेत. कोणाला तुमचं पैशांचं पाकीट सापडलं, त्याने ते आणून दिलं आणि मग तुम्ही म्हणालात, पन्नास रुपये देईन. हा करार आहे. कोणी तुमच्या लहान मुलाला सांभाळलं आणि नंतर तुम्ही म्हणालात, खर्च देईन. हाही करार आहे. म्हणजे भारतात ईस्टवूडला निदान न्यायालयाचं दार उघडं मिळालं असतं. आणि दशरथाच्या प्रकरणात आपला न्यायाधीश का थांबतो, तेही आता कळलं असेल. जीव वाचवणं आधी, वर नंतर. आपल्याकडे चालतं.

पण प्रेमाचा अपवाद? कायद्यात ‘प्रेम’ असा शब्द लिहिला की कोणीतरी ते मोजायला बसणारच. दोन खटले सांगतो, एक मुंबईचा, एक कलकत्त्याचा, आणि दोघांत एकाच वर्षाचं अंतर.

१८९९, मुंबई उच्च न्यायालय, भिवा विरुद्ध शिवराम. भिवाने भावावर जमिनीतल्या हिश्शाचा दावा लावला. शिवरामने शपथेवर सांगितलं, ही जमीन वडिलोपार्जित नाही. दावा फेटाळला गेला. जिंकल्यानंतर त्याच शिवरामने त्याच जमिनीतला अर्धा हिस्सा भावाला द्यायचं नोंदणीकृत कागदावर लिहून दिलं. पुढे पुन्हा न्यायालयात जायची वेळ आली. न्यायालय म्हणालं, भावाशी पुन्हा जुळवून घ्यावं म्हणून जो आपली मालमत्ता द्यायला तयार होतो, त्याच्या मनात जिव्हाळाच असला पाहिजे. करार पक्का.

१९००, कलकत्ता, राजलखी देवी विरुद्ध भूतनाथ मुखर्जी. नवराबायकोचं पटत नव्हतं. नवऱ्याने भांडणांचा उल्लेख करून, बायकोच्या वेगळ्या राहण्याचा आणि पोटगीचा खर्च देईन, असा नोंदणीकृत कागद केला. तिने पैसे मागितले. न्यायालयाने कागद वाचला आणि म्हटलं, इथे प्रेमाचा मागमूस नाही. ती हरली.

दोन्हीकडे भांडण, दोन्हीकडे जवळचं नातं, दोन्हीकडे नोंदणीकृत कागद. एका कागदात भांडण मिटवायची इच्छा होती, दुसऱ्यात दूर राहायची सोय होती. कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवलं तर फरक दाखवता येतो. पण त्या बाईला काय वाटलं असेल? जिच्यावर प्रेम उरलेलं नाही, तिलाच तर त्या कागदाची जास्त गरज होती.

तिसरी एक वाट व्याख्येतूनच निघाली. मघाशी मी म्हणालो, मोबदला ‘दुसऱ्या कोणी’ दिलेला चालतो. १८८२ मध्ये मद्रासला याचा उपयोग झाला. आईने मुलीला मिळकत बक्षीस दिली आणि अट घातली की माझ्या भावंडांना दरवर्षी अमुक रक्कम दे. मुलीने तसं लिहून दिलं, पण पैसे दिले नाहीत. वर बचाव केला की त्यांनी मला काय दिलंय? न्यायालय म्हणालं, त्यांनी नसेल, पण आईने दिलंय ना? तेवढं पुरे. इंग्लंडमध्ये १८६१ मध्ये एका जावयाच्या बाबतीत याच मुद्द्यावर उलट निकाल लागला होता. दोन बापांनी आपसांत ठरवून त्याला पैसे द्यायचं कबूल केलं होतं आणि त्याला दावाच करता आला नाही.

आणि वर्गणी! हा तर आपला घरचा विषय. १८८६ चा खटला. हावड्यात टाउन हॉल बांधायचा होता. एकाने यादीत शंभर रुपयांचा आकडा घातला आणि पुढे हात वर केले. न्यायालयाने भरायला लावले, कारण त्या आकड्यांवर विसंबून कंत्राटदाराला काम दिलं गेलं होतं. १९१४ मध्ये अलाहाबादला मशिदीच्या दुरुस्तीसाठी कबूल केलेले पाचशे रुपये मात्र मिळाले नाहीत, कारण त्या शब्दावर विसंबून अजून कोणी काही केलंच नव्हतं. गणेशोत्सवाच्या कार्यकर्त्यांनी ही दोन वर्षं लक्षात ठेवावीत. पुढे १९७९ च्या मोतीलाल पदमपत शुगर मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच दिशेने मोठं पाऊल टाकलं. सरकारने विक्रीकरात सूट देण्याचा शब्द दिला, त्यावर विसंबून कारखाना उभा राहिला, आता प्रतिफल नव्हतं म्हणून सरकारला मागे फिरता येणार नाही. म्हणजे ‘काय घेतलंस’ या प्रश्नाशेजारी ‘तुझ्या शब्दावर कोणी पाऊल टाकलं का’ हा प्रश्न येऊन बसला.

शेवटचा फरक, आणि मग माझी गोष्ट. देणं माफ करण्याचा. इंग्लंडमध्ये १८८४ साली डॉक्टर फोक्स आणि मिसेस बीअर यांचा खटला झाला. तिने लिहून दिलं होतं की मुद्दल हप्त्याने फेडलंस तर पुढे काही मागणार नाही. त्याने फेडलं. मग तिने व्याज मागितलं आणि ती जिंकली, कारण तिच्या माफीला मोबदला नव्हता. आपल्या कलम ६३ प्रमाणे मात्र ज्याला येणं आहे तो ते माफ करू शकतो, बदल्यात काहीही न घेता.

आता माझं. १९७२ साल. दुष्काळाचं वर्ष, आणि योगायोगाने या कायद्याचीही शंभरी. एम.ए.साठी पुण्यात राहायला पैसे नव्हते. मावशीने हातातल्या सोन्याच्या पाटल्या मोडल्या. मी मागितल्या नव्हत्या, तिने आपण होऊन मोडल्या. पैसे हातात पडल्यावर मी म्हणालो, “मावशी, नोकरी लागली की पहिल्यांदा तुझ्या पाटल्या.” नोकरी लागली. पहिले पगार धाकट्या भावाच्या शिक्षणात गेले, मग लग्न, मग घराचे हप्ते. आठ-दहा वर्षांनी मी एकदा विषय काढला तेव्हा ती हसून म्हणाली, “असू दे रे, आता कुठे घालून मिरवायच्यात मला.” काही वर्षांनी ती गेली.

कायद्याचं पुस्तक वाचत होतो तेव्हा मी हे सगळं त्यात घालून बघितलं. तिने आधी आपण होऊन केलं, मी नंतर वचन दिलं: कलम २५, दुसरा अपवाद, लेखी असण्याचीही गरज नाही. घरातल्या बोलण्यामागे कायद्याने बांधून घ्यायचा हेतू होता का, असा प्रश्न वकील विचारतील, विचारू देत. मग तिचं ते “असू दे रे”: कलम ६३, माफी, मोबदल्याची गरज नाही. शिवाय मुदत तर कधीच उलटली. तीन दरवाजे, तिन्हींतून मी सुटलो.

पण सुटलो का? कायदा मला सोडतो याचा अर्थ एवढाच की मावशीच्या बाजूने न्यायालय उभं राहणार नाही. ते का उभं राहत नाही याची कारणं न्यायालयाच्या कामकाजाची आहेत: पुरावा, सावकारांचं हित, भावनेच्या भरात बोललेले शब्द. ही कारणं चांगली आहेत. पण त्यातलं एकही कारण माझ्या कामाचं नाही. मला पुरावा नको, मी स्वतःच साक्षीदार आहे. मी भावनेच्या भरात बोललो नव्हतो. आणि तिने माफ केलं ते मी उशीर केला म्हणून केलं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून त्या विद्यार्थ्याला आज मी असं उत्तर देईन. प्रतिफल नसेल तर वचन बांधत नाही असं कायदा म्हणतच नाही. तो म्हणतो, ते मी वसूल करून देणार नाही. ही दोन वेगळी वाक्यं आहेत. १७७८ च्या त्या निर्णयात ती दोन्ही शेजारी शेजारी होती. आपण पहिलं विसरलो आणि दुसऱ्यालाच नीती समजू लागलो. “कागदावर कुठे आहे?” असं भाऊ बहिणीला विचारतो, मुलगा बापाला विचारतो, तेव्हा तो कायदा सांगत नसतो. कायद्याने जिथे बोलायचं थांबवलं, त्या जागेचा फायदा घेत असतो.

मावशीच्या नातीचं लग्न झालं तेव्हा मी पाटल्या करून नेल्या. तिने विचारलं, “आजोबा, एवढं मोठं बक्षीस?” कायद्याच्या भाषेत बक्षीसच ते. मी तिला सांगितलं, बक्षीस नाही गं, जुनं देणं आहे. मात्र जिला शब्द दिला होता तिच्या हातात त्या पडल्या नाहीत, आणि ते आता कुठल्याच कलमाने भरून निघणार नाही.

आज इथेच थांबतो.